गुणाचे कुलूप आणि जिभेखालची गोळी

मित्रांनो, जुने कुलूप म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गोदामाच्या दारावरचा गंजका गोळा येत असेल. तसला मी नव्हे. मी अलीगढचे अस्सल पितळी कुलूप आहे आणि या वयातही माझी किल्ली कुरकुर न करता फिरते. माझा स्वभाव मात्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. मी फार मत्सरी आहे. माझे काम दुसऱ्या कुणी केलेले मला बघवत नाही, आणि माझे कौतुक दुसऱ्याच्या पदरात पडलेले तर मुळीच नाही.

माझा जन्म अलीगढच्या एका अरुंद गल्लीतला. तिथे घरोघरी कुलपेच होतात. एका घरात पितळ ओततात, दुसऱ्यात कानशीने घासतात, तिसऱ्यात आतल्या पट्ट्या बसवतात. मला शेवटचा हात लावणारा कारागीर मोठा खडूस होता. प्रत्येक कुलूप कानाशी धरून तो किल्ली फिरवायचा आणि खटक्याचा आवाज पटला नाही तर ते सरळ भंगारात टाकायचा. माझा खटका ऐकून तो नुसताच "हूँ" म्हणाला. त्या हुंकारावर मी आजवर मिरवत आलो आहे.

तिथून मी लखनौच्या कपूरथला बाजारात एका दुकानात टांगला गेलो आणि ईश्वर गजभिये यांनी मला विकत घेतले. गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला होते, बदलीवर लखनौत आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पत्नी मायाबाई टपाल खात्यात. दोघेही दिवसभर बाहेर, म्हणून जानकीपुरमच्या घराची किल्ली काळ्या गोफात ओवून धाकट्या राजरत्नच्या गळ्यात घातलेली असे. शाळेतून आला की तो टाचा उंचावून मला उघडायचा. उन्हाने मी तापलेलो असलो की आधी फुंकर घालायचा आणि मग हात लावायचा. कुलपाचे असे लाड कोण करते? त्याची मोठी बहीण नीलम तर मला नुसता हिसका द्यायची. तेव्हापासून राजरत्न माझा, असे मी मनाशी धरून बसलो.

ईश्वररावांची एक सवय होती. मला लावले की ते दोनदा ओढून बघत. उन्हाळ्यात सगळे भंडाऱ्याला गेले की मी एकटा दार सांभाळत असे, आणि ते परतले की शेजारचे म्हणत, "गजभियेजी, ताला हो तो ऐसा!" ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे दारातच बसवलेले नवे लॅच आले आणि माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या खणात झाली, संपलेल्या सेलांच्या आणि मेणबत्त्यांच्या तुकड्यांच्या शेजारी. दार लागल्याचा तो मेला 'टक' आवाज मी खणातून ऐकत असे आणि मत्सराने काळवंडत असे.

राजरत्न मोठा झाला, बी. कॉम. झाला. लखनौच्याच महानगर भागात राहणाऱ्या रामटेकेसाहेबांचा पिंटू हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांनी मिळून लखनौजवळच्या मलिहाबादचे दशहरी आंबे पेट्यांतून बाहेरगावी पाठवायला सुरुवात केली. काम छान चालले होते. पण बागेतल्या शेडमध्ये पेट्या भरणाऱ्यांपैकी कुणीतरी एकदा दोघांना स्मॅकची पुडी दिली. स्मॅक म्हणजे अफूपासून काढलेली तपकिरी भुकटी, मित्रांनो. आधी गंमत वाटते, मग तिच्यावाचून अंग उठत नाही. राजरत्न आंघोळ विसरला, जेवण विसरला. घरातला पितळी तांब्या नाहीसा झाला, मग पितळी परात. मी खणाच्या तळाशी होतो म्हणून वाचलो.

एके दिवशी ईश्वररावांनी खण उघडून मला बाहेर काढले. राजरत्नला मागच्या खोलीत घातले, बाहेरून कडी लावली आणि तिच्यात मला अडकवले. दोनदा ओढून पाहिले. किती दिवसांनी तो ओढा मिळाला!

पुडी एकदम बंद झाली की माणसाचे फार हाल होतात. अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात काही ठरत नाही. राजरत्न दारावर डोके आपटायचा.

"आई, हड्डियाँ टूट रही हैं. एक बार खोल दे ना!"

"अहो, काहून एवढे कठोर होता?" मायाबाई रडायच्या. "मरून जाईल पोट्टा."

"मरत नाही. सुटून राहिला तो. तू दारापाशी जाऊ नको, माया," ईश्वरराव म्हणायचे.

तो माझा राजरत्न होता आणि मी उघडत नव्हतो. तरी खरे सांगायचे तर मला अभिमान वाटत होता. पुडीने त्याला माझ्यापासून पळवले होते आणि मी त्याला परत आणत होतो. काही दिवसांनी तो शांत झाला, खिडकीतून दिलेला वरण-भात खाऊ लागला. पुढे मला उघडले तेव्हा तो सुकलेला पण शुद्धीवरचा मुलगा होऊन बाहेर आला. मायाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि नंतर, मित्रांनो, माझ्यावरूनही फिरवला.

रविवारी विहारात वंदना ईश्वररावच घेत. राजरत्न सुटला त्या आठवड्यात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितले, "डॉक्टर नाही, औषध नाही. एक कुलूप आणि मनाचा निश्चय. बस." लोक मला बघायला घरी येऊ लागले. त्यांच्यात एक दिवस रामटेकेसाहेब आले, पिंटूचे वडील.

"जयभीम, गजभियेसाहेब. तुमचं ते कुलूप काही दिवस द्या."

"अरे, कुलूप काय, बाजारात मिळेल की!"

"नाही यार, हेच पाहिजे. त्याला गुण आहे."

हातगुणाची सुईण जशी घरोघरी बोलावतात तसे मला बोलावले होते. रामटेकेसाहेबांनी मला रुमालात गुंडाळून नेले. त्या रुमालात माझी छाती किती फुगली असेल, कल्पना करा.

पिंटू राजरत्नपेक्षा शांत होता. तो दार आपटत नसे, नुसता कण्हत असे. महिनाभराने त्याला बाहेर काढले. त्याच्या आईने आलूबोंडे तळले. पिंटूने पोटभर खाल्ले, आईची थट्टा केली आणि म्हणाला, "जरा बाग देखके आता हूँ." घरच्यांना आनंद झाला. मुलगा कामाला लागतोय म्हणून त्यांनी त्याला स्वतःहून पाठवले. दुपारी तो मलिहाबादच्या शेडमध्ये पेट्यांच्या मागे पडलेला सापडला. त्याने जास्त काही घेतले नव्हते. पूर्वी जेवढे घ्यायचा तेवढेच घेतले होते.

रामटेकेसाहेब मला परत द्यायला आले. त्यांनी मला टेबलावर ठेवले, पाण्याचा पेला तसाच सोडला आणि निघून गेले. माझा एकही खटका चुकला नव्हता, मी एकदाही सैल पडलो नव्हतो. तरी त्या दिवशी माझ्याकडे कुणी बघेना.

पिंटूच्या अंत्यविधीहून राजरत्न आला तो सरळ आईसमोर उभा राहिला. खिशातली एक पुडी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली.

"मी पण परत सुरू केली होती, आई. थोडी थोडी. पिंटू की जगह मैं होता."

मायाबाईंनी पुडी मोरीत ओतली आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीतून सुटी घेऊन त्या त्याला सरकारी उपचार केंद्रात घेऊन गेल्या. तिथे त्याला गोळी सुरू झाली. तीच माझी वैरीण.

केवढीशी ती! माझ्या किल्लीच्या छिद्रातून आत पडेल एवढी. रंग पांढरा, वजन नाही, खटका नाही, काही नाही. केंद्रातली सिस्टर ती राजरत्नच्या जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत समोर बसवून घ्यायची. मग तो कामावर जायचा. दार नाही, कडी नाही, किंचाळणे नाही. संध्याकाळी वेळेवर घरी यायचा, आईला भाजी चिरून द्यायचा, रात्रभर झोपायचा. नीलमचा कानपूरहून फोन आला की मायाबाई तिला सांगायच्या, "गोळीचा गुण आहे बघ." गुण! तो शब्द माझा होता. रामटेकेसाहेबांनी तो मला दिला होता. कुलपाला कुठे सवत असते, असे तुम्ही म्हणाल. मित्रांनो, मला होती, आणि ती रोज सकाळी त्याच्या जिभेखाली जाऊन बसत होती. मी खणात मेणबत्त्या मोजत पडलो होतो.

सुदैवाने घरात माझ्या बाजूचे एक माणूस होते. ईश्वररावांनाही ती गोळी डोळ्यांत सलत होती.

"पुडी सोडून गोळी धरली, एवढंच झालं," ते म्हणायचे. "नशा ती नशा. पाचवं शील काय सांगते?"

पंचशीलातले पाचवे शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचे. ते ईश्वररावांनी जन्मभर पाळले होते, सुपारीसुद्धा तोंडात टाकली नव्हती. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. विहारात सगळ्यांपुढे ईश्वररावच पंचशील म्हणवून घेत असत, आणि त्यांना वाटत होते की यंदा मुलाने पांढरे कपडे घालून आपल्या शेजारी उभे राहावे. पण गोळी खाऊन नव्हे.

"पौर्णिमेच्या आत बंद कर," त्यांनी राजरत्नला सांगितले.

"बाबा, बंद केली तर मी परत तिकडे जाईन. मला माहीत आहे."

"नाही जाणार. मी आहे. कुलूप आहे."

कुलूप आहे! खणातल्या खणात मी उजळलो. ईश्वररावांनी मला काढले आणि चिंच लावून लख्ख घासले. मागच्या खोलीच्या दाराची जुनी कडी राजरत्नने आतून हिसके देऊन वाकवली होती. नवी कडी माझ्या मापाची हवी, म्हणून त्यांनी मला खिशात टाकले आणि मायाबाईंना घेऊन कपूरथल्याला निघाले. वाटेत केंद्र लागत होते. तिथे आधी मुलाचे नाव काढून टाकायचे आणि मग कडी घ्यायची, असा त्यांचा बेत होता.

केंद्रातल्या डॉक्टर देवयानी पुण्याकडच्या, पण लखनौत मुरलेल्या.

"मॅडम, राजरत्नचं नाव काढा," ईश्वरराव म्हणाले. "ही गोळी बंद करायची आहे. घरीच करतो आम्ही. माझ्याकडे उपाय आहे." आणि त्यांनी मला टेबलावर ठेवले.

मी चिंचेने असा चकाकत होतो की बाईंनी माझ्याकडे बघतच राहावे. त्यांनी पाहिलेही. पिंटूचे त्यांना राजरत्नकडून कळले होते. त्यांनी विचारले, "पिंटूच्या दाराला हेच होतं का, काका?"

ईश्वररावांनी होकारार्थी मान हलवली. "पण तो मनाचा कच्चा निघाला. सुटल्यावर परत घेतली त्यानं."

"मनाचं नंतर बोलू. आधी शरीराचं ऐका. पिंटूला एवढी भुकटी पचवायची सवय होती. महिनाभर कोंडल्यावर ती सवय गेली. ओढ मात्र गेली नव्हती. बाहेर आल्यावर त्यानं जुन्या मापानं घेतली आणि श्वास थांबला. सुटून आलेला माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो, काका. राजरत्नही तसाच बाहेर आला होता. तो वाचला हे नशीब."

ईश्वररावांच्या हाताची बोटे माझ्यावर होती. ती गार पडली.

"मग या गोळीनं कुणी मरत नाही का?" त्यांनी विचारले. शाबास, मी म्हटले. हेच मलाही विचारायचे होते.

"ते औषध आहे, अमृत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकतं. लहान मुलाच्या पोटात गेली तर एक गोळीसुद्धा पुरे."

मला आतून गुदगुल्या झाल्या. सवतीचे बिंग फुटले होते. पण बाई थांबल्या नाहीत.

"आता पुडीशी ताडून बघा. पुडीत काय आहे, किती आहे, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ही मोजून दिलेली आहे. पुडी श्वास किती मंद करेल याला मर्यादा नाही. ही गोळी एका हद्दीपर्यंत करते आणि तिथे थांबते. शिवाय ही अंगात असली की पुडीचा जोर चढत नाही. उपचारात असलेल्यांमधे मरणाचं प्रमाण बाहेर असलेल्यांच्या निम्म्याहून कमी असतं. आणि उपचार मधेच तोडला की त्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट. तुम्ही त्याला नेमके त्याच आठवड्यांत ढकलताय."

"मग जन्मभर घ्यायची का?"

"गरज आहे तोवर. कमी करायची तर हळूहळू, माझ्या नजरेखाली. सणाची तारीख बघून नाही."

ईश्वरराव उठले. बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले.

"रामटेकेला मी कुलूप दिलं, माया," ते म्हणाले. "मी माझ्या हातानं दिलं."

मायाबाई म्हणाल्या, "तुम्ही बीपीची गोळी खाऊन पंचशील म्हणता ना? कोणी काही म्हणते का तुम्हाला? पोट्टा पुडी घेत होता तेव्हा त्याला घर दिसत नव्हतं. गोळी घेते तर मला चहा करून देते. नशा कोणती अन् होश कोणता, हे आईला डॉक्टरनं सांगावं लागत नाही."

कडी काही घेतली नाही. चिंचेने घासलेला मी खिशातून पुन्हा खणात गेलो. खणात पडल्या पडल्या मी सवतीच्या नावाने बोटे मोडली असती, पण मला बोटे नाहीत.

पौर्णिमेला काय झाले ते मला नंतर कळले, मायाबाई नीलमला फोनवर सांगत होत्या तेव्हा. राजरत्न सकाळी केंद्रात जाऊन गोळी घेऊन आला, पांढरे कपडे घातले आणि वडिलांच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी पाचही शीले म्हटली. मग ईश्वरराव सगळ्यांपुढे म्हणाले, "मी तुम्हाला कुलपाची गोष्ट सांगितली होती. ती चुकीची होती. यापुढे कोणी माझ्याकडे कुलूप मागायला येऊ नका. माझ्याबरोबर केंद्रात चला." रामटेकेसाहेब मागच्या रांगेत होते. वंदना संपल्यावर ते पुढे आले आणि राजरत्नला पोटाशी धरून उभे राहिले. मला पुढे ऐकवेना. सगळ्या विहारासमोर माझा गुण मोडीत निघाला होता, आणि पिंटूच्या कण्हण्याचा आवाज माझ्या कानांतून अजून जात नव्हता.

आता तुम्हाला वाटेल, माझी गोष्ट भंगारात संपली. तसे झाले नाही. दशहरीचा मोसम आला. राजरत्नला पहाटेच मलिहाबादला निघावे लागे, केंद्र तेव्हा उघडलेले नसे. त्याचे नीट चाललेले पाहून डॉक्टरीणबाईंनी काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला दिल्या, पण बजावून दिल्या: कुलपात ठेवायच्या. त्यातच नीलम सुटीला आली, आपल्या छोट्या मुलीला, आर्याला, घेऊन. आर्या दिसेल ते तोंडात घालणारी.

"पापा, गोली ऊपर अलमारी में रख दो ना," नीलम म्हणाली.

"अलमारी नाही. डॉक्टर मॅडमनं कुलूप सांगितलं आहे," ईश्वरराव म्हणाले. त्यांनी कडीचा एक स्टीलचा डबा काढला, गोळ्या आत ठेवल्या आणि खणातून मला उचलले.

मित्रांनो, माझ्या नशिबाचे खेळ बघा. जिचा मी रात्रंदिवस हेवा केला तिचीच राखण माझ्या गळ्यात पडली. मी नाही म्हणणार होतो. पण आर्या टाचा उंचावून डब्याकडे हात लांबवत होती, आणि टाचा उंचावलेले मूल बघितले की मला दुसरे काही सुचत नाही. मी घट्ट बसलो.

ईश्वररावांनी सवयीने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग थांबले. खिशातून ती परत काढली आणि राजरत्नपुढे धरली.

"तुझी आहे. तुझ्याकडेच असू दे."

राजरत्नने कुठून तरी काळा गोफ शोधून काढला.

एवढेच सांगायचे होते. दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्या ओळखीत कुणी असे औषध घेत असेल तर त्याला हसू नका, आणि 'हीसुद्धा नशाच' म्हणून ते मधेच तोडायला लावू नका. आजारी माणसाच्या दाराला मला लावू नका. ते माझे काम नव्हे, हे मी नाइलाजाने सांगतो आहे. मला लावायचेच तर घरातल्या औषधांच्या डब्याला लावा, मुलांचे हात पोचणार नाहीत असे.

मत्सर माझा गेलेला नाही. रोज पहाटे राजरत्न डबा पुढे घेतो. मी तापलेला नसतो, तरी तो मला हात लावण्याआधी फुंकर घालतो. गोळी जिभेखाली ठेवतो. ती विरघळेपर्यंत त्याला बोलता येत नाही, म्हणून तो मला मुठीत धरून गप्प बसून राहतो. ती रोज विरघळून जाते आणि मी त्याच्या मुठीत उरतो. मग तो मला डब्याला लावतो आणि बापासारखाच दोनदा ओढून बघतो.